चर्चिल गावातील अस्वलांचा बंदोबस्त

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या काठी, जेथे 1717 साली हडसन्स बे कंपनीने आपली वखार घातली, त्या चर्चिल गावाने ध्रुवीय अस्वलांच्या शेजाराचा प्रश्न प्रथम बंदुकीने, मग कैदेने आणि अखेरीस कचऱ्याच्या व्यवस्थेने सोडवू पाहिला. उन्हाळ्यात उपसागरावरील बर्फ वितळला, की सीलच्या शिकारीला मुकलेली ही श्वापदे किनाऱ्यावर येतात, महिनोन्महिने जवळजवळ निराहार राहतात आणि नदीच्या गोड्या पाण्यामुळे जेथे बर्फ लवकर धरतो, त्या गावालगतच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्र गोठण्याची वाट पाहत थांबतात. अशा उपाशी जनावरास महायुद्धकाळी वसलेल्या लष्करी छावणीचे व गावाचे उकिरडे म्हणजे अनायासे उघडलेले अन्नछत्रच ठरले.

1968 साली एका तरुणाचा बळी गेला, आणि दुसऱ्याच वर्षी प्रांतिक सरकारने अस्वलांच्या बंदोबस्तासाठी कायमची योजना सुरू केली. 1973 साली ऑस्लो येथे कॅनडा, अमेरिका, डेन्मार्क, नॉर्वे व सोव्हिएत संघ यांनी या प्राण्याच्या रक्षणाचा करार केल्यावर सरसकट गोळी घालण्याचा शिरस्ता अधिकच गैर दिसू लागला. पुढे लष्कराने सोडलेल्या एका इमारतीत अस्वलांचा तुरुंग थाटण्यात आला. अस्वल पकडण्यासाठी चाकांवरील लोखंडी नळकांड्यात सीलचे मांस टांगलेले असते. अस्वलाने त्यास हिसडा दिला, की मागचे दार धाडकन पडते आणि कैदी तुरुंगाकडे रवाना होतो. कोठडीत त्यास पाणी मिळते, अन्न मात्र मुळीच नाही. कारण माणसाच्या दारी पोट भरते हा समज मोडावा, हाच या शिक्षेचा हेतू. पुढे त्यास गुंगीचे औषध देऊन हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडतात, अथवा समुद्र गोठेपर्यंत कोठडीत ठेवतात.

तथापि 2005 साली गावाचा उघडा उकिरडा बंद झाला, हा उपाय कोणत्याही कोठडीहून मूलगामी होता. कारण त्याची बजावणी अस्वलांवर नव्हे, गावकऱ्यांवर झाली. मात्र अस्वलांच्या कैदेची मुदत ठरविणारा खरा अंमलदार समुद्र आहे, आणि तो आता पूर्वीपेक्षा उशिरा गोठतो व लवकर वितळतो, म्हणून किनाऱ्यावरील त्यांचा उपास लांबतो. 2016 साली पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांची अंदाजे संख्या 842 होती. 2021 साली ती 618 वर आली. गोळीपासून वाचविलेल्या प्राण्याला उपासमारीपासून वाचविणे चर्चिलच्या अखत्यारीत नाही. ती जबाबदारी हवा तापविणाऱ्या दूरच्या शहरांची आहे.