आर. के. स्टुडिओ: जळालं ते आणि विकलं ते

मंडळी, राज कपूरने १९४८ साली आर. के. स्टुडिओ काढला तेव्हा आपलं चेंबूर म्हणजे मुंबईबाहेरचं गावच. बॅनरचा पहिला चित्रपट ‘आग’. आणि १६ सप्टेंबर २०१७ला स्टुडिओ गेला तोही आगीत! (सिनेमात दाखवलं असतं तर कोणी मानलं नसतं.) पुन्हा बांधणं परवडत नाही म्हणून कुटुंबाने जागा विकली. त्यांची मालमत्ता, त्यांचा हक्क. २०१९ला गोदरेजने ती सव्वादोन एकरांच्या आसपासची जागा घेतली, घरं बांधायला. भिंतींचं एक वेळ जाऊ द्या हो. पण जुन्या चित्रपटांचे इतकी वर्षं जपलेले कपडे, दागिने जळाले, ते कुठून आणायचे? पेडर रोडला सरकारचं सिनेमा संग्रहालय उघडलं जानेवारी २०१९मध्ये. सोळा महिने उशिरा.