दात आंबणे (दातांची संवेदनशीलता)

थंड, गोड वा आंबट पदार्थ किंवा नुसती गार हवा लागताच दातात क्षणभर उठणारी टोचरी कळ. कैरी-चिंच खाऊन दात आंबले की मऊ पोळीही चाववत नाही, हा अनुभव शाळकरी वयातच येतो आणि एक-दोन दिवसांत विसरलाही जातो. या नोंदीचा विषय मात्र कैरीचा हंगाम सरल्यावरही टिकणारी तक्रार हा आहे. तिला बोलीत दात सळसळणे, शिवशिवणे असेही म्हणतात. जाहिरातींनी ‘सेन्सिटिव्हिटी’ हा शब्द रूढ केला.

दाताचा दिसणारा भाग एनॅमल या शरीरातल्या सर्वांत कठीण कवचाने झाकलेला असतो. कवचाला नसा नसतात, त्यामुळे ते दुखत नाही. दुखते ते त्याखालचे पिवळसर डेन्टिन. त्यात आतून बाहेर जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांची रुंदी एक-दोन मायक्रॉन असते आणि चौरस मिलिमीटरमागे त्या हजारोंनी भरतात. नळ्यांत द्रव असतो आणि आतल्या टोकाशी दंतमज्जेच्या नसा. हा द्रव हलल्याने कळ येत असावी, असे आल्फ्रेड गीझी यांनी १९०० मध्ये सुचवले होते. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी त्याला बळ दिले. थंडाव्याने, कोरड्या हवेने किंवा साखरेने द्रव बाहेरच्या दिशेला खेचला जातो, उष्णतेने आत ढकलला जातो. बाहेर जाणारा प्रवाह नसांना अधिक चेतवतो. चहापेक्षा बर्फाचा गोळा जास्त झोंबतो तो यामुळेच.

तक्रार घेऊन येणारा बहुतेक वेळा गार पाण्याला दोष देतो. पण पाणी फक्त उघडी जागा दाखवून देते. ती उघडी पडली कशी, हा खरा प्रश्न. हिरडी खाली सरकली की दाताची मान आणि मूळ उघडे पडते. मुळावरचे आवरण इतके पातळ असते की ते लवकर झिजून जाते. सुळे आणि उपदाढांच्या हिरडीलगत पाचरीसारखी खाच दिसली, तर आधी ब्रश मागवून पाहावा. केस चोहीकडे पसरलेले असतील, तर गुन्हेगार सापडला म्हणायचे. उजव्या हाताने आडवे घासणाऱ्यांत ही झीज सहसा डाव्या बाजूला जास्त आढळते. महाराष्ट्रात ब्रशच्या जोडीला मिशरी आणि राखुंडीही धरावी लागते. भाजलेल्या तंबाखूची मिशरी बोटाने चोळल्यावर दात ‘स्वच्छ’ वाटतात, पण ते खरवडले जातात, हिरड्या उतरतात, आणि तंबाखूपासून तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच. सुपारी चघळणे, झोपेत दात खाणे, दात पांढरे करून घेणे ही आणखी काही कारणे. आम्लाचे काम मात्र मुकाट चालते. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते. लिंबू सरबत आणि शीतपेये या मर्यादेच्या बरीच खाली असतात. वारंवार आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांचे दात आतल्या बाजूने झिजतात.

उपायाच्या दोन वाटा आहेत : नळ्यांची तोंडे बुजवणे किंवा नस शांत करणे. नळी पूर्ण बुजायलाच हवी असे नाही. तिची रुंदी निम्मी झाली तरी द्रवाचे वाहणे सोळाव्या हिश्शावर येते. स्ट्रॉन्शियम क्लोराइड असलेली सेन्सोडाइन १९६१ मध्ये बाजारात आली. पुढे स्टॅनस फ्लुओराइड, आर्जिनिन हेही वापरात आले. दुसऱ्या वाटेवरचे प्रमुख द्रव्य म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, अर्थात बंदुकीच्या दारूतला सोरा. मिल्टन होडोश यांनी १९७४ मध्ये त्याचा दातांसाठीचा उपयोग मांडला. पेस्टमध्ये तो सहसा ५ टक्के असतो. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत पेस्ट बदलणारा स्वतःच उपाय मोडतो. रात्री घासून झाल्यावर फेस थुंकावा, चुळा भरभरून पेस्ट धुऊन टाकू नये. मऊ ब्रश, हलका हात, आणि आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याची चूळ, हे पेस्टइतकेच महत्त्वाचे. लवंगेचे तेल थोडा वेळ बधिरता आणते, नळ्या बुजवत नाही.

एवढ्याने भागले नाही तर दंतवैद्य फ्लुओराइडचा लेप लावतात, खाच सिमेंटने भरतात, क्वचित हिरडीचे रोपण करतात. रूट कॅनॉल हा अगदी शेवटचा उपाय.

दात आंबण्याची कळ कारण दूर होताच थांबते. ती मागे रेंगाळत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा एकाच दाताने चावताना येत असेल, तर कीड, तडा किंवा मज्जेचा दाह असू शकतो. तिथे पेस्टवर दिवस काढू नयेत, दात तपासून घ्यावा.