तीन बोटांची कुळकथा

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात, नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत 1972 पासून आहे. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला तो 1999 मध्ये. या लोकांची परंपरागत वैद्यकी म्हणजे सोवा-रिग्पा. 2010 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून भारत सरकारने तिला आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांच्या पंगतीला बसवले. तिबेटी वैद्य, ज्याला ते आमची म्हणतात, रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवून वात, पित्त, कफ यांचे निदान करतो. हे ऐकले की मराठी माणूस चटकन म्हणतो, ‘हे तर आपलेच.’ त्यातले वात-पित्त-कफ आपले आहेत, यात वाद नाही. ती तीन बोटे मात्र चीनमधून आली, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा ग्रंथांतच आहे. वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ अकराव्या शतकात रिन्चेन झांगपो या भाषांतरकाराच्या पुढाकाराने तिबेटीत उतरले. पुढे बाराव्या शतकाच्या सुमारास युथोक योन्तेन गोन्पो यांच्या नावाशी जोडलेला ‘ग्युशी’ हा सोवा-रिग्पाचा मूळ ग्रंथ सिद्ध झाला. त्रिदोष, आहार, ऋतुचर्या यांत वाग्भटाची छाया पानोपानी दिसते. पण वाग्भटात नाडीपरीक्षा नाही. चरकात नाही, सुश्रुतातही नाही. ‘ग्युशी’चा चौथा भाग मात्र नाडीनेच उघडतो, आणि तोही पूर्ण वाढलेल्या शास्त्रासारखा. तिबेटी वैद्य दोन्ही मनगटे बघतो. सहा बोटांखाली हृदय, फुप्फुस, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड अशी एकेक इंद्रिये वाटून दिलेली असतात. या अवयवांना जोडलेली पंचतत्त्वे आपली पृथ्वी-आप-तेज-वायू-आकाश ही नव्हेत. ती आहेत लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. त्यांच्यात आई, मुलगा, मित्र, शत्रू अशी नातीही लावलेली आहेत. ही मांडणी चिनी वैद्यकाची आहे. शिवाय तीन बोटांच्या जागांची तिबेटी नावे त्सोन, कान, चाक अशी, तर चिनी नावे त्सुन, ग्वान, छ्र. एखादे नाव योगायोगाने जुळेल. तिन्ही, आणि तीही त्याच क्रमाने, योगायोगाने जुळत नाहीत. चीनमध्ये या विद्येचे वय मोठे आहे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला वैद्य छुनयू यी नाडी पाहून निदान करी. त्याने हाताळलेल्या रोग्यांच्या हकिगती स्मा छ्येनच्या इतिहासग्रंथात नोंदल्या आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात वांग शू-हने नाडीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

यावर पहिला आक्षेप असा की चरकाने दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा सांगितली आहे, आणि स्पर्शनात नाडी आलीच. चरकाच्या इंद्रियस्थानात सतत स्पंदणाऱ्या अवयवांचे स्पंदन थांबणे हे मरणाचे लक्षण म्हणून येते, हे खरे. पण ठोका थांबला हे ओळखणे वेगळे आणि ठोक्याच्या गतीवरून रोग वाचणे वेगळे. दुसरा आक्षेप शार्ङ्गधराचा. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या नाडीला ‘जीवसाक्षिणी’ म्हणून सर्प, बेडूक, हंस यांच्या चालींवरून दोष सांगणारी त्याची संहिता आयुर्वेदात नाडीचा पहिला ठळक आधार मानली जाते. पण ती तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे ‘ग्युशी’नंतरची, उगम तिच्यात शोधता येत नाही. तिची प्राण्यांच्या चालींची भाषा चीनपेक्षा गॅलन आणि इब्न सिना यांच्या जवळची वाटते. त्यांच्याकडेही हरणासारखी, मुंगीसारखी नाडी आहे. आयुर्वेदातली नाडी पश्चिमेच्या वाटेने आली असेल, ही शक्यता म्हणून मला अधिक वजनदार वाटते, पण ते वेगळे प्रकरण आहे. तिसरे म्हणजे तिबेटी परंपरा ‘ग्युशी’ला बुद्धवचन मानते आणि संस्कृतातून आलेला समजते. त्याचे संस्कृत मूळ आजवर सापडलेले नाही, आणि लाकूड-धातूची तत्त्वे संस्कृत वैद्यकात बसतही नाहीत.

शेवटचा आक्षेप राजकीय आहे, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. ल्हासातली 1696 ची चाकपोरी ही वैद्यकशाळा 1959 च्या उठावात चिनी तोफांनी उद्ध्वस्त केली. ज्यांना त्या धुमाळीत देश सोडावा लागला, त्यांच्या विद्येचे श्रेय चीनला द्यायचे? शिवाय हे मान्य केले, तर तिबेटी वैद्यक हा चिनी वैद्यकाचाच एक फाटा, या बीजिंगच्या दाव्याला बळ मिळेल, अशी भीती. ही भीती अनाठायी आहे. एक परीक्षा उसनी घेतल्याने मालकी बदलत असेल, तर वाग्भटामुळे सोवा-रिग्पा भारताच्या मालकीची ठरेल, आणि तेही तितकेच खोटे. वाग्भटाचे दोष आणि वांग शू-हची बोटे एका मनगटावर बसवण्याचे काम तिबेटी वैद्यांनी केले. ते भारतात झाले नाही आणि चीनमध्येही झाले नाही. म्हणून नोर्ग्येलिंगच्या लोकांच्या या वैद्यकीला ‘तिबेटी आयुर्वेद’ म्हणण्याची आपली सवय चुकीची आहे. तिला सोवा-रिग्पाच म्हणावे.