शुभेच्छुक

गेल्या महिन्यात आमच्या चौकात एका 'कार्यसम्राटां'च्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझाही फोटो! मला कुणी विचारलं नव्हतं. पण खरं सांगतो, काढा म्हणून मीही सांगितलं नाही. थोडं बरंच वाटलं. तेव्हापासून एक जुनी गोष्ट डोक्यात घोळतेय.

१९३७ साल. नेहरू सलग दुसऱ्यांदा काँग्रेसचे अध्यक्ष. आदल्या डिसेंबरात आपल्या खानदेशात फैजपूरला अधिवेशन झालेलं, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलंच. मग प्रांतिक निवडणुकांचा प्रचार. जातील तिथे अफाट गर्दी, जयजयकार. आणि नोव्हेंबरात कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये 'चाणक्य' या नावाने एक लेख आला. सूर असा, की सांभाळा, या माणसात हुकूमशहा व्हायचे गुण आहेत, याचा अहंकार आत्ताच भारी झालाय, याला पुन्हा अध्यक्ष करू नका.

हा चाणक्य म्हणजे खुद्द नेहरू! हे नंतर उघड झालं. पुढच्या वर्षी हरिपुऱ्याला सुभाषबाबू अध्यक्ष झाले.

यातही थोडी ऐट आहे, असं कुणी म्हणेल. असेलही. तरी टाळ्यांनी आपलं डोकं फिरू शकतं, हे त्यांना कळत होतं. मात्र कळणं पुरत नाही. १९५५ मध्ये पंतप्रधानपदावर असतानाच त्यांनी भारतरत्न स्वीकारलं.

दुसरी बाजू बाबासाहेबांनी सांगितली. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात, रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांनी गांधी आणि जिना या दोघांच्याही अहंकारावर बोट ठेवलं. नेत्यांचा उदोउदो करणाऱ्या वर्तमानपत्रांनाही सोडलं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत तर स्पष्टच बजावलं, की धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

सव्वीस वर्षंसुद्धा लागली नाहीत. सत्तरच्या दशकात काँग्रेस अध्यक्ष देवकांत बरुआ 'इंदिरा म्हणजे इंडिया' म्हणाले. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली.

म्हणजे अहंकार एकट्याने फुगत नाही, त्यात हवा भरणारे लागतात. आणि हे कुठल्या एका पक्षाचं दुखणं नाही. आपापला नेता आठवा.

परवा आमच्या ग्रुपवर एका पोराने साधं विचारलं, गटाराचं काम का थांबलंय? दहा मिनिटांत त्याला ग्रुपमधून काढलं. साहेबांनी सांगितलंही नव्हतं. आपल्याच माणसांनी, परस्पर. मी गप्प बसलो.

काल तो फ्लेक्स उतरवायला आले, तेव्हा मी तिथेच उभा होतो. खाली तेच गटार, अजून तुंबलेलं. त्या पोराचा प्रश्न आज मी ग्रुपवर माझ्या नावाने टाकलाय. बघू, मला काढायला किती मिनिटं लागतात.