ऊसवाहतुकीची ट्रॉली

ऊसवाहतुकीची ट्रॉली म्हणजे फडात तोडलेला ऊस साखर कारखान्यापर्यंत नेण्यासाठी ट्रॅक्टरला जोडले जाणारे, स्वतःचे इंजिन नसलेले वाहन होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये अशा वाहनाला ‘ट्रेलर’ अशी संज्ञा आहे. बोलीत मात्र ‘ट्रॉली’ हाच शब्द रूढ आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या पट्ट्यात गळीत हंगामात अशा ट्रॉल्यांची अहोरात्र वर्दळ असते. त्या बहुधा हंगामापुरत्या कराराने किंवा खेपेच्या भाड्याने घेतलेल्या असतात. ट्रॉली एकाची, चालक दुसरा, भरणारी टोळी तिसरी आणि ऊस चौथ्याचा, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न तांत्रिक आहे, तितकाच जबाबदारीच्या वाटणीचाही आहे.

पार्श्वभूमी

रेठरे बुद्रुक येथील कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, भुईंजचा किसन वीर, शेंद्रे येथील अजिंक्यतारा, साखराळे येथील राजारामबापू पाटील, वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर, कुंडलचा क्रांतिअग्रणी आणि सांगलीचा वसंतदादा हे या दोन जिल्ह्यांतील प्रमुख सहकारी साखर कारखाने होत. जवळच्या फडांतून आजही बैलगाडीने ऊस येतो. मात्र लांबच्या खेपांसाठी ट्रक व ट्रॅक्टर वापरले जातात.

तोडलेला ऊस जसजसा वाळतो, तसतसे त्याचे वजन आणि त्यातील साखर घटत जाते. म्हणून तो शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळपास जावा, असा संकेत आहे. गव्हाण रात्रीही थांबत नाही, म्हणून वाहतूकही थांबत नाही. सूर्यास्तानंतर रस्त्यावर दिसणाऱ्या ट्रॉल्यांचे मूळ कारण हे आहे.

भाडे व करार

प्रचलित पद्धतीत वाहनमालक हंगामापूर्वी कारखान्याशी करार करतो. कारखान्याकडून मिळालेली आगाऊ रक्कम तो मुकादमास ‘उचल’ म्हणून देतो आणि मुकादम तोडणी मजुरांची टोळी आणतो. उचल घेऊन टोळी न आल्यास बोजा वाहनमालकावर पडतो आणि अशा फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांपर्यंत जातात. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे पण ट्रॉली नाही, तो केवळ ट्रॉली भाड्याने घेतो.

वाहतुकीचे दर टनावर आणि अंतरावर ठरतात. तोडणी व वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो. खेपेमागे जितके टन अधिक, तितके उत्पन्न अधिक, असा हा हिशेब असल्याने जादा भार भरण्याची प्रवृत्ती दरपद्धतीतच दडलेली आहे. एकट्या चालकाला दोष देऊन तिचे निवारण होत नाही.

रचना व तोल

ट्रॉली एका आसाची (दोन चाकी) किंवा दोन आसांची (चार चाकी) असते. एका आसाच्या ट्रॉलीतील भाराचा काही हिस्सा जोडदांड्यावाटे ट्रॅक्टरच्या मागील भागावर येतो. भार आसाच्या पुढे प्रमाणाबाहेर गेल्यास चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि सुकाणूचा ताबा सुटतो. उलट भार फार मागे गेला, तर जोडदांडा वर उचलला जाऊन ट्रॉली हेलकावे खाऊ लागते. मोळ्या आसाच्या दोन्ही अंगांस विभागून, पुढे किंचित झुकता भार ठेवून रचणे म्हणूनच इष्ट असते. उसाचा ढीग उंच गेला की गुरुत्वमध्यही वर जातो आणि रस्त्याच्या खचलेल्या कडेवर ट्रॉली कलंडण्याचा धोका वाढतो.

ब्रेकचा मुद्दा याहून गंभीर आहे. अनेक ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात. संपूर्ण ओझे ट्रॅक्टरच्या ब्रेकवरच थांबवावे लागते. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या मागच्या चाकांसाठी दोन वेगळे ब्रेक-पायटे असतात. शेतात जागच्या जागी वळण्यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पायटे पट्टीने एकत्र जोडावे लागतात. तसे न केल्यास एकच चाक धरले जाते, मागची ट्रॉली रेटा देते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील, तर हा रेटा अर्थातच वाढतो. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड याच कारणाने घातक ठरते.

भाड्याची ट्रॉली ताब्यात घेताना जोडाची पिन झिजलेली नाही ना, तिला अटकाव करणारी खीळ आहे ना, पिन तुटल्यास आधार देणारी साखळी आहे ना, टायर व चाकांचे नट ठीक आहेत ना, हे उजेडात पाहून घ्यावे लागते. मालकाच्या तोंडी ग्वाहीने ही पाहणी भागत नाही.

कायदेशीर तरतुदी

ट्रेलरची नोंदणी आवश्यक असून कलम ६१ नुसार ओढणाऱ्या वाहनाचा नोंदणी क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. सातारा कार्यालयाचा संकेतांक एमएच ११, कराडचा एमएच ५० आणि सांगलीचा एमएच १० आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. माल बाजूंनी किंवा मागे बाहेर आल्यासही वेगळा दंड आहे.

भाडेकरूच्या दृष्टीने कलम २(३०) महत्त्वाचे आहे. वाहन भाडेपट्ट्याच्या करारान्वये दिलेले असेल, तर ज्याच्या ताब्यात ते आहे त्याला या कलमाने ‘मालक’ मानले जाते. करार लेखी असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे का, हे यावरून ध्यानात यावे. ट्रॅक्टर चालविण्याचा वैध परवाना असलेला चालक केवळ ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी खटल्यात (२००१) म्हटले आहे. मात्र शेतीकामासाठी विमा उतरवलेला ट्रॅक्टर भाड्याने धावत असेल, तर विमा कंपन्या भरपाईबाबत वाद उपस्थित करतात. म्हणून विमापत्रातील वापराची नोंद आणि ट्रॉलीचा समावेश तपासणे आवश्यक ठरते.

रात्रीची वाहतूक

मागून येणारा दुचाकीस्वार अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळणे, हा या पट्ट्यातील वारंवार घडणारा अपघात आहे. बाहेर आलेल्या उसाने मागचा दिवा झाकला जातो, वाढ्यांचा रंग काळोखात मिसळतो आणि पुणे–बंगळूर महामार्गाच्या वेगात थांबण्यास अवधी उरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंस पिवळी व मागे लाल असते. ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्यावर ती चिकटवली तरी भरलेला ऊस तिच्यावर लोंबतो. त्यामुळे मोळ्यांच्या बाहेरून बांधता येणारा परावर्तक कापडी फलक अधिक उपयोगी पडतो. परिवहन विभाग, पोलीस व कारखाने हंगामात असे फलक लावण्याची मोहीम घेतात.

ट्रॉली बंद पडल्यास ती धोकादायक स्थितीत सार्वजनिक रस्त्यावर सोडण्यास कलम १२२ ने मनाई आहे आणि या कलमात ट्रेलरचा स्पष्ट उल्लेख आहे. टायर फुटला की मागे दगड मांडून किंवा उसाची फांदी खोचून निघून जाण्याची रीत या कलमात बसत नाही. शिवाय दुरुस्तीनंतर ते दगड बहुधा रस्त्यावरच राहतात आणि दुसऱ्या अपघाताला कारण होतात. परावर्तक त्रिकोण पुरेशा अंतरावर मागे ठेवणे, शक्य तितकी ट्रॉली रस्त्याखाली घेणे आणि एका माणसाने विजेरी घेऊन थांबणे हा यावरचा साधा उपाय आहे. चालक एकटाच असल्यास तो अमलात आणणे अवघड जाते. म्हणून रात्रीच्या खेपेस सोबत मदतनीस देण्याची अट करारातच घालता येते.