फेरस की फेरिक? नावातल्या एका अक्षराचा इतिहास

घरात कोणी गरोदर असेल, तर सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची लाल गोळी तुम्ही पाहिली असेलच. त्यातले औषध म्हणजे फेरस सल्फेट. लातूरला नीटच्या क्लासला जाणाऱ्या तुमच्या मुलाला विचारा, फेरस आणि फेरिक यांत फरक काय? तो लगेच सांगेल, लोहाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले तर फेरस, तीन दिले तर फेरिक. मार्क मिळतात, विषय संपतो. पण ही नावे आली कुठून?

पूर्वी नावे रंगरूपावरून पडत. फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस. नाव छान, पण आत लोह आहे हे त्यावरून कळत नाही. १७८७ मध्ये लव्हाझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये घटकांवरून नावे देण्याची पद्धत मांडली. पुढे स्वीडनच्या बर्झेलियस यांनी एकाच धातूच्या दोन प्रकारच्या क्षारांना दोन वेगळे प्रत्यय लावले. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा लागायचा होता!

पाऱ्याच्या बाबतीत हा प्रत्यय जिवावरचा. मर्क्युरस क्लोराइड, म्हणजे कॅलोमेल, डॉक्टर जुलाबासाठी देत. मर्क्युरिक क्लोराइड मात्र पाण्यात विरघळणारे जहाल विष. (कॅलोमेलही निर्दोष नव्हतेच. युरोप-अमेरिकेत दात येणाऱ्या बाळांच्या पावडरीत ते असे. त्याने बाळांचे हातपाय लाल होऊन सोलत, आणि कारण कळायला १९४० चे दशक उजाडले.) ‘रसकापूर’ या नावावरून पुडीत यांपैकी काय आहे ते समजत नाही. कोणी कितीही खात्री दिली तरी ती पोटात घेऊ नका.

प्रत्ययांतही घोळ होताच. फेरसमध्ये प्रभार दोन, क्युप्रसमध्ये एक. म्हणून १९१९ मध्ये जर्मनीच्या आल्फ्रेड स्टॉक यांनी सुचवले की प्रभाराचा आकडाच नावात लिहा. हेच स्टॉक प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेने वर्षानुवर्षे आजारी होते. १९२६ मध्ये त्यांनी स्वतःच्या दुखण्यावर लेख लिहून इतरांना सावध केले.

आता तुमच्या ताटाकडे येऊ. भाकरी-पालेभाजीतले लोह बहुतेक फेरिक असते. आतड्यातले दार मात्र फेरसलाच उघडते. भाजीवर लिंबू पिळले की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे फेरिकचे फेरस होते, म्हणून गोळीसोबतही लिंबूपाणी चालते. चहा मात्र दोन तास लांब ठेवा. तो लोह अडवतो. आणि सलाइनमधून लोह देताना बाटलीवर ‘फेरिक’ दिसले तर घाबरू नका. ते थेट रक्तात जाते, आतड्याचे दार वाटेत येतच नाही.