जळगावच्या केळीचं कूळ

२०१६ साली 'जळगाव केळी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. ही चीज इथलीच, असा सरकारी शिक्का रावेर-यावलच्या केळीवर बसला. मानांकन आहे तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावावर. आता त्या पट्ट्यातल्या बागा पाहा. आधी बसराई होती, मग श्रीमंती आली, आणि आज जिकडेतिकडे ग्रँड नैन. तिन्ही एकाच घराण्यातल्या, आणि त्या घराण्याचं नाव कॅव्हेंडिश. हे इंग्लंडमधल्या डेव्हनशायरच्या ड्यूकचं आडनाव. तापीकाठची केळी इंग्रज उमरावाचं आडनाव लावते, हे सावद्याच्या व्यापाऱ्याला सांगून क्विंटलमागे एक रुपया जास्त मिळणार नाही. पण गोष्ट खरी आहे.

रोप मुळात दक्षिण चीनचं. तिथून मॉरिशस, मॉरिशसहून इंग्लंड असं करत १८३०च्या सुमारास ते सहाव्या ड्यूकच्या चॅट्सवर्थच्या वाड्यात पोचलं. तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. बाहेर कडाक्याची थंडी, आणि काचेच्या उबदार घरात याची केळी. १८३५च्या नोव्हेंबरात तिला फूल आलं, पुढच्या वर्षी शंभरावर फळं धरली, पदकही मिळालं. पॅक्स्टनने रोपाला मालकाचं आडनाव देऊन टाकलं. (हाच माळी पुढे १८५१च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेसचा आराखडा करून 'सर' झाला. काचेच्या घरांचा सराव वाया गेला नाही.) इंग्लंडात ज्या जातीला ऊब द्यावी लागली, ती आज जळगावच्या पंचेचाळीस अंशांत उभी आहे, आणि आपला शेतकरी तिला लू लागू नये म्हणून बागेभोवती शेवरी नाहीतर गजराज गवत लावतो.

चॅट्सवर्थची रोपं थेट खानदेशात आली, असं मी म्हणत नाही. आपली बसराई त्याच गोतातली, एवढंच. गंमत ही की, परदेशी व्यापारात या गोताला बराच काळ मान नव्हता. १९५०च्या आसपास तिथे राज्य होतं ते ग्रो मिशेल या जातीचं. पनामा रोगाने तिच्या बागा बसल्या, आणि सहज डागाळते म्हणून मागे ठेवलेली कॅव्हेंडिश नाइलाजाने पुढे आली.

जळगावातली कथा मात्र याहून वाकडी आहे. वाकोदच्या शेतकरी घरातल्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. १९७८ साली त्यांनी तीस लाखांना एक आजारी कारखाना घेतला. कारखाना होता केळीची भुकटी करण्याचा. केळीच्या गावात केळीची भुकटी: कागदावर याहून शहाणा धंदा दाखवता येणार नाही. तो चालला नाही. मग त्याच कारखान्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला घेतलं. कच्ची पपई झाडावर असतानाच तिला उभ्या चिरा द्यायच्या, गळणारा पांढरा चीक धरायचा, वाळवायचा, शुद्ध करायचा. जगात याचा खप मांस मऊ करायला आणि बिअर नितळ ठेवायला. शाकाहारी जळगावकराने हे ऐकून कानांवर हात ठेवावेत. पण या चिकाने पैसा मिळवून दिला. १९८०मध्ये पीव्हीसी पाइप आले, पाइपांमागून ठिबक आलं. ठिबकचं आधुनिक तंत्र इस्रायलचं. पुढे तिथलीच नानदान ही ठिबकची कंपनी भवरलालजींच्या जैन इरिगेशनने २००७ ते २०१२ दरम्यान टप्प्याटप्प्याने विकत घेतली.

आणि ठिबकच्या पाठोपाठ कारखाना पुन्हा केळीकडे वळला, या वेळी भुकटीसाठी नव्हे, रोपासाठी. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाची मृगबाग असो की पावसाळ्यानंतरची कांदेबाग, लागवड कंदाची. चांगली बाग पाहायची, तिथले मुनवे खणायचे, कंद तासायचे आणि गाडीत भरून आणायचे. कंदासोबत दुसऱ्याच्या बागेतले सूत्रकृमी आणि रोगही फुकटात यायचे. शिवाय एकाच शेतात एक घड आज तयार, तर दुसरा दोन महिन्यांनी. नव्वदच्या दशकात प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेली ग्रँड नैनची रोपं आली आणि सोळा-अठरा महिन्यांचं पीक अकरा-बारा महिन्यांवर आलं. बाग एकदम निसवते, एकदम कापणीला येते. घडाला पिशवी, फण्यांना 'फ्रूट केअर', खोक्यात भरून माल दुबईला. माझ्या मते खानदेशात भाग्य पालटलं ते या रोपाने आणि ठिबकच्या नळीने. कॅव्हेंडिश बसराईच्या रूपाने आधीही होतीच.

याची दुसरी बाजू मानांकनाच्या कागदावर येत नाही. या केळीला बी नाही. शेतातलं प्रत्येक झाड शेजारच्या झाडाची हुबेहूब नक्कल, त्यामुळे एकाला जो रोग लागतो तो सगळ्यांना लागू शकतो. ग्रो मिशेल अशीच गेली. पनामा रोगाचा कॅव्हेंडिशलाही मारणारा नवा प्रकार बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे. तो मातीतून आणि कंदातून पसरतो, जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. तेव्हा रावेर, यावल, चोपड्याच्या भाऊंना एवढीच विनंती: स्वस्त मिळतात म्हणून परप्रांतातले कंद आणू नका, आणि बाहेरून आलेलं यंत्र असो वा गाडी, चाकांची माती धुतल्याशिवाय बागेत घेऊ नका.